एकोणपन्नासवरची जोडी

महाल, नागपूर
रविवार, १७ मे १९८७

प्रिय प्रेमिला,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? ओळखलं असशील तर हे न वाचताच चुलीत घालावं, असंही तुझ्या मनात येऊन गेलं असेल. घाल, पण आधी शेवटपर्यंत वाच. बावीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तुझं खापरखेडा काही विलायतेत नाही. बस धरली की तासाभरात तुमच्या वीज केंद्राची धुराडी दिसायला लागतात. मला हे ठाऊक आहे, कारण एकदा मी तिथवर आले होते. तुमच्या कॉलनीच्या फाटकाशी उतरले, समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि परतीच्या बसनं घरी आले. कुणालाही विचारलं असतं तर तुझं घर सापडलं असतं. मी विचारलंच नाही.

कशाबद्दल लिहिते आहे ते तुला पहिल्या ओळीतच कळलं असणार. आपल्या दोघींपैकी एकीनं नक्कल केली होती आणि घरी पाठवली गेली ती दुसरी. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, परवापर्यंत तिसऱ्या कुणाला नव्हतं. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की जी तुलाही माहीत नाही, आणि तीच आज लिहायची आहे. एकदम लिहायला हात धजत नाही गं. तू म्हणायचीस ना, ही पुष्पी महालातून बर्डीला जायचं तर कामठीवरून वळसा घालून जाते. तर आता थोडी कामठी सहन कर.

विभागातली आपली मायक्रोस्कोपची खोली अजून तशीच आहे. खिडक्यांच्या काचांना लावलेला काळा कागद तेवढा तीनदा बदलला. वाळ्याची ताटी गेली, तिच्या जागी पत्र्याचा कूलर आला. तो इतका आवाज करतो की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. ताटीवर पाणी मारणारा आपला चंद्रभान मागच्या वर्षी रिटायर झाला. निरोपाच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, तीस वर्षं पाहून राहिलो, तुम्ही लोक काचेत पाहता, वहीत लिहिता, अन् घरी जाता. सापडलं काय ते तं मले सांगून जा." मी हसले. मग त्यानं तुझी आठवण काढली. म्हणाला, इंदोऱ्याच्या बाई रोज येताना हातपंपावर तोंड धुवून यायच्या, डोळे थंड राहतात म्हणून. हे मी विसरले होते. चंद्रभान विसरला नव्हता.

तुला कामाबद्दल मी काय सांगावं, तूच मला शिकवलंस. पण एकदा पुन्हा लिहून काढावंसं वाटतं. हैदराबादहून मोठ्या फुग्याला पेटी बांधून वर सोडायचे, ढगांच्याही कितीतरी वर, हवा जिथं संपत येते तिथं. पेटीत काचा, काचांवर फोटोच्या फिल्मला असतो तसला पण जाड लेप. विश्वकिरणांनी त्या लेपात रेघा ओढायच्या, मुंबईला काचा धुवून निघायच्या, आणि कापसात गुंडाळून रेल्वेनं आपल्याकडे यायच्या. मग आपण दोघी मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायचो, एकेक काच तीन-तीन आठवडे. बाकीच्या रेघा सोडून द्यायच्या. आपल्याला हव्या होत्या फक्त गॅमा किरणांच्या खुणा, आणि हा गॅमा किरण महा लबाड. स्वतः येताना कसलीच रेघ ओढत नाही. लेपात शिरतो, आणि जिथं संपतो तिथून दोन बारीक रेघा निघतात, चिमट्याच्या दोन पायांसारख्या. मागे बघावं तर काही नाही. आपण त्या दोन रेघांना जोडी म्हणायचो. एखाद्या ताऱ्याकडून अशा जोड्या येतात का, हे आपल्या गोपाळराव सरांना शोधायचं होतं. बहुतेक सगळ्या आपल्याच हवेत जन्मलेल्या निघायच्या, तरी सर दर काचेला नव्यानं आशा धरायचे.

आणि आपल्यालाही सगळी इमारत जोडीच म्हणायची. जोडी आली, जोडी जेवायला गेली. माझ्या डब्यातला गोळाभात तू खायचीस आणि तुझी आंबाडीची भाजी-भाकर मी. हे मी घरी कधी सांगितलं नाही. आई विचारायची, डबा इतका चाटूनपुसून कसा गं येतो, आणि मी म्हणायचे, भूक लागते. तुझ्या घरी मात्र सगळं माहीत होतं. तुझे बाबा, लहानू काका, गिरणीतून सुटून तुला न्यायला यायचे, तेव्हा माझ्यासाठी म्हणून मुद्दाम दिलेली जास्तीची भाकरी मला मिळाली का, असं तुला विचारायचे. मला तेव्हा ते ऐकून बरं वाटायचं. आता ते आठवलं की लाज वाटते.

त्या लहानू काकांनीच तुला पाटीवर आकडे शिकवले, मराठी आकडे, आणि तू कच्च्या वहीत तेच लिहायचीस. पक्क्या रजिस्टरात इंग्रजी आकडे लिहायचे, असा सरांचा नियम. कच्च्या वहीला नियम नव्हता. मी तिथंही इंग्रजीच लिहायचे, शिष्ट होते ना. तुझा नऊ बघून मी तुला किती चिडवलं असेन. त्याची शेपटी तू अशी काही आखडती घ्यायचीस की तो एकच वाटायचा. मी म्हणायचे, तुझे नऊ आणि एक सख्खे भाऊ आहेत. तू म्हणायचीस, "असू दे न वं, मले तं समजून राहिले." ते सख्खे भाऊ पुढे आपल्यावर असे उलटतील, हे दोघींनाही कळलं नाही.

सरांचा दुसरा नियम आठवतो? एकच काच दोघींनी पाहायची, वेगवेगळी, आणि आपापल्या रजिस्टरात लिहायची. मध्ये पडदा, रजिस्टरं दोन कपाटांत. गोपाळराव सर म्हणायचे, दोघींनी जगातल्या सगळ्या गोष्टी बोलाव्यात, फक्त काचेबद्दल बोलू नये. पहिल्या महिन्यात तू त्यांना त्याचं कारण विचारलंस. जे दोघींनाही दिसलं नाही ते किती, हे कसं कळणार, असं तू विचारलंस, आणि सर खुर्चीतून उठले. त्यांना असा प्रश्न कुणी विचारला की फार आनंद व्हायचा. त्यांनी खडू घेतला. तुला सापडल्या शंभर जोड्या, मला नव्वद, त्यातल्या ऐंशी दोघींनाही. म्हणजे माझ्या नव्वदांतल्या ऐंशी तुला दिसल्या, दहा निसटल्या. नवांतली एक निसटते. मग सगळ्या मिळून असतील एकशे बारा आणि वर थोड्या. आपल्या दोघींच्या मिळून होतात एकशे दहा. उरलेल्या दोन दोघींच्याही नजरेतून सुटल्या. आपण चुकतो, पण वेगवेगळ्या ठिकाणी चुकतो, म्हणून हा हिशेब जमतो, असं सर म्हणाले. घरी जाताना तू सायकल हातात धरून चालत होतीस आणि मला म्हणालीस, पुष्पे, आपल्या चुकांवर सगळं उभं आहे बघ. मी त्यावर काहीतरी थट्टा केली.

आता कामठी संपली.

पासष्टच्या एप्रिलमध्ये माझा डावा डोळा बिघडला. आधी पाणी यायचं, मग एकाच्या दोन रेघा दिसायला लागल्या. दोन रेघांच्याच शोधात बसलेल्या बाईला एकाच्या दोन दिसायला लागल्यावर तिनं काय करावं? तू एकदा पडद्याआडून विचारलंसही, "काहून रडून राहिली वं, डोळ्यात तेल गेलं काय?" मी हो म्हणाले. तुला खरं सांगितलं असतं तर तू सरांकडे गेली असतीस, मला रजा मिळाली असती, आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण मला भीती वाटली. आमचे अण्णा तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघत होते आणि मला अजून नोकरी करायची आहे एवढं एकच कारण माझ्या हाती होतं. नोकरी होती डोळ्यांची. डोळे गेले असते तर जूनच्या आत मला बोहल्यावर उभी केली असती. हे कारण आहे, माफी मागण्याजोगं आहे असं मी म्हणत नाही.

मेमध्ये तू बहिणीच्या लग्नाला चार दिवस उमरेडला गेलीस. नवव्या काचेचं तुझं काम संपलं होतं, पक्कं रजिस्टर भरून कपाटात गेलं होतं. माझी काच अर्धीही झाली नव्हती. तुझी कच्ची वही खणात होती. शनिवारी मी ती पिशवीत टाकून घरी नेली. रविवारी दुपारी माळ्यावर बसून उतरवून काढली, त्रेसष्टच्या त्रेसष्ट जोड्या, क्रम तेवढा बदलून, तारखा मागच्या घालून. एखाददुसरी गाळावी एवढीही अक्कल मला सुचली नाही. आणि तुझा एक आखडत्या शेपटीचा नऊ मी एक वाचला. जोडी होती मायक्रोस्कोपच्या मोजपट्टीवर ४९.६ वर, मी लिहिलं ४१.६. गंमत बघ, तूही घाईघाईत पक्क्या रजिस्टरात उतरवताना आपलाच नऊ एक वाचला होतास. एका वहीतून दोघींनी तीच चूक उतरवली.

मंगळवारी सरांनी दोन्ही रजिस्टरं ताडून पाहिली आणि त्यांना आनंदानं काय करावं ते सुचेना. त्रेसष्ट आणि त्रेसष्ट, सगळ्या त्याच. एकही निसटलेली नाही. त्यांनी बुधवारी, तू परत आलीस त्या दिवशी, चंद्रभानला पाठवून संत्र्याची बर्फी आणवली. तू बर्फी हातात घेऊन माझ्याकडे बघितलंस. मला वाटतं तुला तेव्हाच कळलं होतं. तूच तर विचारला होतास तो प्रश्न, सगळंच्या सगळं जमणं किती खोटं असतं हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? पण तू बर्फी खाल्लीस, चांगली आहे म्हणालीस, आणि कामाला बसलीस.

गुरुवारी सरांना शंका आली. ते स्वतः मायक्रोस्कोपला बसले आणि एकेक आकडा लावून बघायला लागले. ४१.६ वर काहीच नव्हतं. कोरा लेप. दोघींनीही तिथं जोडी लिहिली होती. दोन माणसं एकच जोडी बघू शकतात, पण नसलेली जोडी एकाच जागी कशी बघतील? सरांनी आपल्याला समोर उभं केलं आणि कुणी कुणाचं उतरवलं, असं विचारलं. तू म्हणालीस, मी नाही. मी काहीच बोलले नाही. तू म्हणालीस, माझी कच्ची वही बघा, त्यात तारखा आहेत, रोजचं रोज लिहिलेलं आहे. चंद्रभाननं खण उघडला. वही नव्हती. मग सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तुझ्याकडे, आणि म्हणाले, दत्तोपंतांची मुलगी असं करणार नाही. पुढे काही विचारायचं त्यांना उरलंच नाही. तू इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतली, मी महालातली, माझे वडील त्यांच्या ओळखीचे. सर वाईट नव्हते, प्रेमिला. म्हणूनच मला त्यांचा तो चेहरा आठवला की जास्त त्रास होतो. त्यांना खरोखरच वाटलं की आपण न्याय केला.

तर तुला माहीत नसलेली गोष्ट ही. वही त्याच खोलीत होती. खुंटीला माझी खादीची निळी पिशवी लटकत होती, तिच्यात, डब्याखाली. सोमवारपासून रोज परत ठेवीन म्हणत होते आणि रोज कुणी ना कुणी खोलीत होतं. चंद्रभान खण उपसत होता तेव्हा मी त्या पिशवीपासून तीन हातांवर उभी होते. हात लांब केला असता तर पोचला असता. तुला आजवर वाटत असेल की वही हरवली, किंवा मी ती फाडून टाकली. तसं नाही. मी ती काढून दिली नाही.

तू माझ्याकडे एकदा बघितलंस, चष्म्याचं घर उचललंस आणि निघालीस. तू माझं नाव का घेतलं नाहीस, हे मी बावीस वर्षं स्वतःला विचारते आहे. घेऊनही कुणी ऐकणार नव्हतं हे तुला कळलं होतं, की तुझ्या मनात माझ्याबद्दल काही उरलं होतं? मला दुसरं खरं वाटलेलं आवडेल, पण तसं मानायचा हक्क मला नाही. नववी काच बाजूला ठेवली गेली. तिच्यावाचून सरांचा निबंध छापून आला, जगाचं काही अडलं नाही. माझा डोळा पावसाळ्यात औषधानं बरा झाला, तोही अगदी बरा. लग्न मी केलं नाही. काचांबरोबरच राहिले. तुझ्या लग्नाची बातमी चंद्रभाननं आणली होती. तुझे बाबा गेले तेही त्याच्याकडूनच कळलं, आणि तेव्हाच मी त्या बसमध्ये चढले होते.

आता नवीन बातमी. फेब्रुवारीत दक्षिणेच्या आकाशात एक तारा फुटलेला दिसला, पेपरात वाचलं असशील. त्यावर आपल्या विभागात एप्रिलमध्ये व्याख्यान झालं. त्या ताऱ्यातून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण पृथ्वीतून आरपार निघून गेले आणि जपानात जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी आहे, तिच्यात त्यातले अकरा सापडले, असं वक्ते सांगत होते. मी मागच्या बाकावर डुलक्या काढत होते. व्याख्यान संपलं आणि पुढून एक मुलगी उठली. म्हणाली, सापडले ते अकरा, पण जे टाकीत शिरले आणि टाकीला दिसलेच नाहीत ते किती, हे कसं काढून राहिले सर? माझी झोप उडाली. प्रश्न तोच, मान तशीच डावीकडे कललेली. मला नाव विचारायची गरज नव्हती.

ती नंतर आपण होऊन माझ्याकडे आली. तुम्ही पुष्पलता मावशी ना, म्हणाली, मी विशाखा, आई सांगते की तुमच्यासारखी नजर नागपुरात कुणाची नव्हती. तू तिला एवढंच सांगितलं आहेस. गोळाभात सांगितलास, सायकल सांगितलीस, माझं कामठीवरून जाणंही सांगितलंस. इथलं काम का सोडलं, तर लग्न ठरलं म्हणून. मी तिला चहा पाजला आणि स्वतःच्या कपात दोनदा साखर घातली, ती तिनं बघितली, पण विचारलं नाही. तेही तुझंच.

आता मी हे पत्र का लिहिलं ते. जुन्या काचा पुन्हा तपासायचं काम विभागानं उन्हाळ्यापुरतं विशाखाला दिलं आहे. पुढच्या सोमवारी कपाटाची किल्ली तिच्या हाती जाईल, आणि नवव्या काचेच्या रजिस्टरावर तुझ्या नावाला सरांच्या हातचा लाल शेरा आहे: नक्कल केल्याचं आढळलं, या बाईंची नोंद धरू नये. तो तिनं तसाच वाचावा हे मला सहन होईना. शुक्रवारी मी त्या शेऱ्याखाली लिहिलं की नक्कल पुष्पलता दत्तोपंत देव हिनं केली, प्रेमिलाच्या कच्च्या वहीतून, आणि ती वही लपवली. खाली तारीख घालून सही केली. त्याचीच एक प्रत विभागप्रमुखांना दिली. पान फाडून टाकता आलं असतं, पण मग तुझं नावही गेलं असतं. तुझी वही या पत्राबरोबर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवते आहे, ती तुझी आहे, विशाखाला दाखवायची की नाही ते तू ठरव. आणि काल, शनिवारी, मी तिला काम शिकवायच्या निमित्तानं मायक्रोस्कोपवर बसवलं. नववी काच लावली. माझ्या डोळ्यांचं आता खरं नाही, मोतीबिंदू उतरतो आहे, म्हणून स्वतः न बघता तिला फक्त आकडा सांगितला, एकोणपन्नास दशांश सहा. बावीस वर्षांत मी तिथं कधी बघितलं नव्हतं. तिनं चाक फिरवलं, पुन्हा थोडं मागे घेतलं. मग म्हणाली, "आहे न मावशी, जोडी आहे. कोणी शोधली ही?" मी म्हटलं, तुझ्या आईनं.

तुझीच
पुष्पी